नव्यानं स्वयंपाक शिकताय? आधी भात, फोडणी आणि वाटप

नोकरीसाठी पणजी-म्हापशात एकटे राहताय, रोज बाहेरची फिश थाळी खाऊन कंटाळलात आणि आता घरीच रांधायचं ठरवलंय, तर पहिलं सांगते, मोबाईलवर रोज नवीन रेसिपी बघत बसू नका. भात, फोडणी आणि वाटप, म्हणजे खोबरं-मिरची वाटून केलेला ओला मसाला, एवढं हाताला बसवा, बाकीचं त्यातनंच सुचत जातं.

उकडा तांदूळ साध्या तांदळापेक्षा उशिरा शिजतो, म्हणून नवख्या माणसानं मोजून पाणी घालायच्या भानगडीत पडूच नये. टोपात वाटीला पाच-सहा वाट्या पाणी उकळा, धुतलेला तांदूळ सोडा, अर्ध्या तासानं एक शीत बोटात दाबून बघा. मधे कणी लागली तर अजून शिजू द्या, नाहीतर निथळून घ्या. जास्तच शिजला तर निथळू नका, मीठ घाला, पेज झाली, सोबत लोणचं.

फोडणी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, करून शिका. तेलात एक मोहरी टाकायची, लगेच तडतडली तर बाकीची घाला, मग हिरवी मिरची, कांदा, कांदा मऊ झाला की चिरलेली भाजी. पाणी अजिबात नको, भाजीला स्वतःचंच सुटतं. शेवटी मीठ आणि मूठभर ओलं खोबरं. मीठ शेवटीच, कारण पालेभाजी शिजून एवढीशी होते आणि आधी घातलेलं खारट लागतं.

आता वाटप, हे जमलं की अर्धं गोंयचं जेवण जमलं. चार बांगड्यांच्या हुमणाला, म्हणजे खोबऱ्याच्या कालवणाला, अर्धा नारळ खवून, सहा-सात ब्याडगी मिरच्या भिजवून, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. मिक्सरात पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला, आणि चिमटीत चोळून बघा, रवाळ लागलं तर परत फिरवा. इथे घाई केली की हुमणात खोबरं एकीकडे आणि पाणी एकीकडे.

बांगडा घेताना कल्ला उघडून लालभडक आहे ना बघा, डोळा स्वच्छ हवा, बोटानं दाबलं तर मांस परत वर यायला हवं. वाटप पाणी घालून उकळलं की मीठ, दोन-तीन सोलां (आमसुलं) आणि आठ-दहा तिरफळं (मसाल्यातलं वासाचं छोटं फळ) जरा ठेचून, मग बांगडे, बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं. आमच्याकडे तिरफळांच्या हुमणात कांदा-लसूण घालत नाहीत, तिरफळाचा वास मरतो. बांगडे घातल्यावर डाव घालू नका. मी पहिल्यांदा ढवळत बसले आणि ताटात नुसते काटे आले, तेव्हा आईनं फडक्यानं टोप धरून गोल हलवून दाखवला, तेवढं पुरतं. गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा, आंबट-तिखट मुरतं, दुसऱ्या दिवशी तर अजून छान लागतं.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मासळी कमी आणि महाग, तेव्हा तेच वाटप, तिरफळं सोडून, मोड आलेल्या मुगांना घाला, थोडा गूळ टाका, आणि फोडणी तर आता येतेच तुम्हाला.