डीजे कंट्रोलर आपल्या हाताप्रमाणे लावताना: आधी मॅपिंग, मग रेडियम

नवा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने वाजवायचं बटणांचं यंत्र, घरी आला की पहिला विचार येतो तो स्टिकरचा. हा क्रम उलटा करा. बटणांची कामं पक्की होण्याआधी रंग आणि नावं चिकटवली, तर दोन आठवड्यांत ‘लूप’ (तोच तुकडा फिरत ठेवणं) लिहिलेल्या पॅडवर दुसरंच काम येऊन बसतं. अंधारात डोळा लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो आणि बोट चुकतं. म्हणून आधी मॅपिंग करा, म्हणजे कुठलं बटण काय करणार ते ठरवा, त्यावर निदान पंधरा दिवस वाजवा, आणि मगच रेडियमवाल्याकडे (स्टिकर कापून देणाऱ्याकडे) जा.

इथे उदाहरण घेतलं आहे पायोनियर डीजेच्या डीडीजे-४०० चं आणि मिक्सएक्सएक्स या मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं. हे सॉफ्टवेअर निवडण्याचं कारण म्हणजे त्यात मॅपिंग पूर्ण उघडी असते. कुठलं बटण काय करतं ते तक्त्यात दिसतं आणि तिथेच बदलता येतं. दुसरा कंट्रोलर असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

काय हलवायचं नाही

प्ले, क्यू (ठरलेल्या जागी परतणं), चॅनल फेडर (एका गाण्याचा आवाज), क्रॉसफेडर (एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं), ईक्यू (जाड-मध्यम-बारीक आवाज), टेम्पो स्लायडर (वेग) आणि जॉग (हाताने फिरवायची चकती) यांना हात लावू नका. कधीतरी दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहावं लागतं, आणि तेव्हा बोटांची सवय सगळीकडे सारखी असलेली बरी. जॉगला दुसरंही कारण आहे. जॉग जागा सांगत नाही, फक्त किती सरकला ते सांगतो: ६४ च्या वरचा आकडा पुढे, खालचा मागे. स्क्रॅचसाठी (गाणं हाताने पुढेमागे घासण्यासाठी) त्यामागे स्क्रिप्ट, म्हणजे छोटा कोड, लागते. विझार्डने (बटण दाबून काम जोडायची सोय, पुढे येते) जॉग नव्याने ‘शिकवला’ की ती स्क्रिप्ट बाजूला पडते आणि स्क्रॅच मरतं.

बदलायच्या जागा म्हणजे पॅडचे मोड, शिफ्टखालची बटणं आणि इफेक्टचा भाग. कोणतं काम तिथे आणायचं हे ठरवायला कागद-पेन्सिल घ्या. तासभर वाजवा आणि जेव्हा जेव्हा हात लॅपटॉपकडे जाईल तेव्हा एक रेघ मारा, शेजारी कशासाठी गेला ते लिहा. ज्या कामापुढे सर्वांत जास्त रेघा, त्याला बटण द्यायचं. इंटरनेटवर सापडलेली दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उचलली तर ती त्याच्या हाताच्या चुका झाकते, तुमच्या नाही.

यंत्र काय बोलतं

प्रत्येक बटण मिडीचा (वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा) छोटा संदेश पाठवतं, त्यात तीन आकडे असतात. पहिल्यात संदेशाचा प्रकार आणि चॅनल, दुसऱ्यात बटणाचा क्रमांक, तिसऱ्यात किंमत. डीडीजे-४०० वर डाव्या डेकचं (डेक म्हणजे एक गाणं वाजवणारी बाजू) प्ले दाबलं की हेक्समध्ये (नऊनंतर ए ते एफ अशी सोळाची मोजणी, पुढचे बटणांचे क्रमांकही त्यातलेच) ९० ०बी ७एफ जातं, सोडलं की ९० ०बी ००. उजव्या डेकला ९० ऐवजी ९१ येतं. डाव्या डेकचे पॅड ९७ वर बोलतात आणि शिफ्ट दाबून ९८ वर. उजव्या डेकसाठी हेच ९९ आणि ९ए.

खरी सोय पुढे आहे. पॅडचा मोड बदलला की क्रमांकही बदलतात. हॉट क्यूमध्ये (गाण्यात लावलेल्या खुणेवर थेट उडी) ०० ते ०७, बीट जंपमध्ये २० ते २७, सॅम्पलरमध्ये ३० ते ३७, कीबोर्डमध्ये ४० ते ४७, बीट लूपमध्ये ६० ते ६७, असे एकूण आठ मोड. मोड यंत्रच सांभाळतं, त्यामुळे एका डेकच्या आठ पॅडवर आठ मोड म्हणजे ६४ स्वतंत्र बटणं मिळतात आणि एक ओळही कोड लिहावा लागत नाही. शिफ्टचंही तसंच आहे. साध्या, स्वस्त मिडी पॅडवर मात्र शिफ्ट हे नुसतं एक बटण असतं. तिथे दुसरा थर हवा असेल तर स्क्रिप्ट लिहावीच लागते.

संदेश डोळ्यांनी पाहायचे असतील तर विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडंप. विंडोजवर बहुतेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिडी पोर्ट देतात. मागे रेकॉर्डबॉक्स (पायोनियरचं डीजे सॉफ्टवेअर) उघडं राहिलं असेल तर इकडे कंट्रोलर मुका दिसेल, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

विझार्डने काम जोडणं

प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोलर्सखाली डीडीजे-४०० निवडा, ‘एनेबल्ड’वर खूण करा आणि सोबत आलेली मॅपिंग लोड करा. कोऱ्या पाटीपासून सुरू करू नका, जॉग आणि दिव्यांची मेहनत त्या मॅपिंगमध्ये आधीच केलेली आहे. इनपुट मॅपिंग्जचा तक्ता उघडून कीबोर्ड मोडचे ४० ते ४७ रिकामे आहेत का पाहा. रिकामे असतील तर तोच तुमचा मोकळा प्लॉट.

त्या आठ पॅडसाठी एक चांगली मांडणी: वरच्या ओळीत डावीकडून ३२ बीट (ठोके) मागे, १६ मागे, १६ पुढे, ३२ पुढे. खालच्या ओळीत ४ बीटचा लूप, लूप अर्धा, लूप दुप्पट आणि लूपमधून बाहेर. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बीट म्हणजे बरोबर १५ सेकंद. मुखड्यावर परत यायला किंवा लांबलेला अंतरा ओलांडायला एवढी उडी बहुतेक वेळा पुरते. मात्र बीटग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) बरोबर असेल तरच. जुनी कोळीगीतं, लोकगीतं वादकांनी क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) वाजवलेली असतात, टेम्पो मध्ये हलतो, आणि ठरलेल्या बीटची उडी तालाच्या बाहेर पडते. अशा गाण्यांना मुखड्यावर हाताने हॉट क्यू लावून ठेवा.

आता लर्निंग विझार्ड उघडा. मेन्यूतून ‘१६ बीट पुढे’ निवडा, यंत्रावर पॅड कीबोर्ड मोडमध्ये आणा, पॅड एकदा पूर्ण दाबून सोडा. बाकी कशालाही हात लावू नका. फेडरला बोट घासलं तरी विझार्ड गोंधळतो आणि पुन्हा करायला सांगतो. जमलं की ‘लर्न अनदर’ आणि पुढचा पॅड. सोडण्याचा संदेश पकडला गेला आहे ना, तेही पाहा. तो सुटला तर धरून ठेवायच्या कामात, म्हणजे क्यूचा तुकडा ऐकताना वगैरे, बोट उचललं तरी आवाज चालूच राहतो.

सेव्ह करताना नवं नाव द्या, त्यात तारीख घाला. विझार्ड त्या बटणाचं जुनं काम काढून नवं बसवतो. पण तक्त्यात ‘अ‍ॅड’ दाबून हाताने ओळ घातली तर जुनी ओळ तशीच राहते आणि एका दाबात दोन गोष्टी घडतात. ‘पॅड कधीकधी गाणंच उडवतो’ अशा तक्रारीचं मूळ बऱ्याचदा या जोडओळीत असतं.

हॉट क्यू मोडमध्ये शिफ्ट धरून पॅड दाबला की क्यू पुसला जातो. घरी तयारी करताना हे सोयीचं, पण वरातीच्या गर्दीत घातक. कार्यक्रमासाठी मॅपिंगची दुसरी प्रत करा आणि तिच्यातून ९८ ची ही आठ आणि ९ए ची आठ कामं काढून टाका.

दिवे आणि उड्या मारणारे नॉब

काम बदललं तरी दिवा आपोआप बदलत नाही, कारण दिव्यांचा तक्ता वेगळा आहे. आउटपुट मॅपिंग्जमध्ये नवी ओळ घाला, त्या कामाची चालू-बंद स्थिती सांगणारा कंट्रोल निवडा (लूपसाठी ‘लूप एनेबल्ड’), चॅनल आणि क्रमांक इनपुटचेच द्या, चालूसाठी ७एफ आणि बंदसाठी ००. डीडीजे-४०० वर बटण जो संदेश पाठवतं तोच त्याला परत पाठवला की दिवा लागतो. बीट उडीला दिव्याची गरज नाही. लूपला हवाच, चालू राहिलेला लूप विसरणं फार सोपं असतं.

नॉब किंवा स्लायडर जोडताना ‘सॉफ्ट टेकओव्हर’ चालू करा. सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबल्यावर सॉफ्टवेअरमधला टेम्पो सरकतो, पण हातातला स्लायडर जुन्या जागी असतो. सॉफ्ट टेकओव्हर नसेल तर स्लायडरला नुसता धक्का लागताच गाण्याचा वेग एकदम उडी मारतो. असेल तर तुमचा स्लायडर खऱ्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत सॉफ्टवेअर वाट पाहतं.

टेम्पोचा स्लायडर चुकून नव्याने शिकवला असेल तर हेही तपासा. तो दोन संदेशांत किंमत पाठवतो, ०० आणि २०, मिळून १६,३८४ पायऱ्या. यातला एकच जोडला गेला तर उरतात १२८. प्लस-मायनस ८ टक्क्यांच्या पट्ट्यात एक पायरी साधारण ०.१३ टक्के होते, म्हणजे १२८ बीपीएमला जवळजवळ ०.१६ बीपीएम. हाताने बीट जुळवताना गाणं सतत थोडं पुढे नाहीतर थोडं मागे राहतं ते यामुळे.

पडदा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. छोट्या लॅपटॉपला शेड ही स्किन (पडद्यावरची मांडणी) बरी, मोठ्या पडद्याला लेटनाइट. प्रेफरन्सेसमध्ये ‘कलर्स’खाली हॉट क्यूचे रंग ठरतात. ते आत्ताच ठरवा, कारण स्टिकरचे रंग त्यावरूनच घ्यायचे आहेत. चार रंग पुरे: सुरुवात, मुखडा, अंतरा, बाहेर पडायची जागा. आठ रंग लक्षात राहत नाहीत आणि लाल दिव्याखाली केशरी-पिवळा एकच दिसतो. ‘डेक्स’खाली टेम्पो स्लायडरची दिशा आहे, ती ‘खाली नेल्यास वेग वाढतो’वर ठेवा. म्हणजे पडद्यावरचा स्लायडर हातातल्या स्लायडरसारखाच सरकेल.

रेडियम: माप, कापणी, चिकटवणं

डीडीजे-४०० ची रुंदी ४८२ मिमी आहे, ए३ कागदापेक्षा जास्त. नॉबच्या टोप्या काढा आणि साधारण २ मीटर लांबून झूम करून, वरून सरळ फोटो घ्या. जवळून घेतला तर कडा वाकतात. फोटोत स्टीलची पट्टी ठेवा. त्यावरून वेक्टर फाइल काढा आणि आधी साध्या कागदावर दोन तुकड्यांत छापून यंत्रावर ठेवून पाहा. प्रिंटरचं ‘फिट टू पेज’ बंद करा. २ टक्के आकसलं तरी ४८२ मिमीवर साडेनऊ मिमीचा फरक पडतो, म्हणजे शेवटच्या पॅडचं भोक पॅडच्या बाहेर. भोकं बटणापेक्षा चारी बाजूंनी अर्धा ते एक मिमी मोठी ठेवा. काठ बटणाला घासला की बटण अडकून बसतं.

देवनागरी नावं टाकायची असतील तर दुकानात फाइल देण्यापूर्वी अक्षरं कर्व्ह्जमध्ये (नुसत्या आकारांत) बदला. नाहीतर त्यांच्या कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) तो फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात. ५ मिमीपेक्षा लहान अक्षरं प्लॉटरवर कापायला देऊ नका. सोलताना मात्रा, अनुस्वार निघून येतात. तेवढी लहान अक्षरं छापून घ्या, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर स्टेजचा दिवा थेट डोळ्यांत परततो.

कास्ट व्हिनाइल मागा. नंबरप्लेटला वापरतात ते साधं व्हिनाइल कालांतराने आकसतं, कोपरे उचलले जातात आणि उघड्या गोंदावर धूळ बसते. दुपारच्या उन्हात टेम्पो गाडीत ठेवलेल्या कंट्रोलरवर हे लवकर दिसतं.

पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल कापडावर घ्यायचं, यंत्रावर ओतायचं नाही. थिनर आणि अ‍ॅसिटोन नकोच, ते प्लास्टिक विरघळवतात. मागचा कागद एकदम सोलू नका. मधली ३-४ सेंटिमीटरची पट्टी उघडा, पॅडच्या भोकांवर नीट बसवा, मग एकेक बाजू सोलत मऊ स्क्वीजीने बाहेरच्या दिशेने दाबत जा. कडेला हेअर ड्रायरची हलकी ऊब. फेडरच्या फटीवर आडवा तुकडा चिकटवून नंतर ब्लेडने चिरायचा मोह होतो, पण गोंदाचे कण फटीत पडून फेडर खरखरायला लागतो. फट आधीच कापलेली असावी.

जॉगच्या वरच्या तबकडीवर क्रोम किंवा कुठलंही धातूचं फॉइल लावू नका. ती तबकडी बोटाचा स्पर्श विजेच्या बदलावरून ओळखते. धातूचा थर त्यात ढवळाढवळ करतो, मग हात न लावता गाणं थांबतं किंवा स्क्रॅच अर्धवट लागतं. साधं पातळ व्हिनाइल चालतं. लावल्यावर बोट हलकं टेकवून दहा-बारा वेळा तपासा.

नॉबच्या टोप्या

टोपी सरळ वर ओढायची. निघत नसेल तर खालून मजबूत दोरा फिरवून दोन्ही बाजूंनी सारखा ओढा. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटलं तर आतला पोटेन्शिओमीटर वाकतो. नव्या टोप्या मागवण्याआधी दांड्याचा व्यास व्हर्नियरने मोजा, आणि दांडा इंग्रजी डी अक्षरासारखा असेल तर त्याची सपाट बाजू कुठे येते ते पाहा. टोपीवरची रेघ त्या बाजूच्या हिशेबाने नसेल तर नॉब मधल्या खाचेत असताना रेघ बारावर न येता तीनवर किंवा नऊवर येते, आणि ईक्यू कुठे आहे ते बघून कळत नाही.

ईक्यूच्या तिन्ही नॉबना एक रंग, फिल्टरला वेगळा. दोन्ही डेकना सारखेच. डावा-उजवा डेक वेगळ्या रंगात दिसायला छान वाटतो, पण कोणता डेक कुठे आहे हे जागेवरूनच कळतं. रंग कामासाठी राखून ठेवा.

सगळं लागल्यावर मॅपिंगची फाइल पेन ड्राइव्हवर आणि स्वतःला मेलवर पाठवून ठेवा, स्टिकरची वेक्टर फाइलही. पुढे कधी स्टिकर काढायचा झाला तर ड्रायरने कोमट करून, पृष्ठभागाला टेकत टेकत, अगदी कमी कोनात सोलत जा. उरलेला गोंद त्याच अल्कोहोलने निघतो, फक्त कंपनीच्या छापील अक्षरांवर जोरात घासू नका.