विद्यावेतन ते पीएफ: नोकरीचा निधी वाटेत अडकवणाऱ्या या चुका टाळा

महाराष्ट्रात रोजगाराच्या योजना कमी आहेत, असं कुणी म्हणणार नाही. आयटीआय आहेत, शिकाऊ उमेदवारी आहे, २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे आणि १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नव्या भरतीवर केंद्राचं प्रोत्साहन आहे. तरीही चाकण असो की बुटीबोरी, लघुउद्योजक ‘माणूस टिकत नाही’ म्हणतो आणि उमेदवार विद्यावेतनाचे महिने संपवून घरी बसतो. निधी मंजूर होतो, पण एका योजनेतून दुसरीत जाताना गळतो. ही गळती बहुतेक वेळा कागदावरच्या साध्या चुकांमुळे होते.

पटावरची माणसं मोजून थांबणे

शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असेल तर ऐच्छिक. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. इथे ‘एकूण’मध्ये कंत्राटी कामगारही येतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. १२० कायम आणि ८० कंत्राटी कामगार असलेला कारखाना १२० वर हिशोब करून ३ उमेदवार घेतो आणि निश्चिंत होतो. खरा हिशोब २०० वर आहे: किमान ५, कमाल ३०. ‘आमच्याकडे फक्त २५ जण आहेत, आम्हाला लागू नाही’ म्हणणाऱ्यांचे लोडिंगचे दहा जण ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात.

सरसकट २५ टक्के वजा करणे

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचे २५ टक्के देतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये. २०१९ च्या दरांनुसार दहावी उत्तीर्णाला किमान ६०००. त्याचे २५ टक्के बरोबर १५०० होतात, म्हणून तिथे चूक दिसत नाही. आयटीआय उत्तीर्णाला किमान ७०००. त्याचे २५ टक्के १७५०, पण सरकारकडून येणार १५००च. कंपनीने ५२५० जमा केले, तर मुलाला दर महिन्याला २५० रुपये कमी पडतात. कंपनीचा हिस्सा ५५०० हवा. दुसऱ्या वर्षी किमान विद्यावेतन १० टक्क्यांनी वाढतं आणि ती वाढ पूर्णपणे कंपनीच्या खिशातून जाते, कारण सरकारी मर्यादा तिथेच राहते. किमान दर बदलले, तर हिशोब पुन्हा मांडा. आपला हिस्सा दिल्याची नोंद शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर केल्याशिवाय सरकारी हिस्सा सुटत नाही, तेव्हा हे काम पगारपत्रक करणाऱ्यालाच द्या. एचआरच्या टेबलावर ते मागे पडतं.

‘बँकेत आधार दिलंय’ यावर विश्वास ठेवणे

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि त्या खात्यावर थेट लाभ येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी बँकेने आधारची प्रत घेतली, तरी एनपीसीआयच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीत, नोंद झालेली असेलच असं नाही. मॅपरवर एका आधार क्रमांकासमोर एकच बँक राहते. नव्या बँकेत संमती दिली की जुनी आपोआप बाजूला पडते. त्यामुळे मुलगी रुजू होताना स्टेट बँकेचं पासबुक देते, पण लाडकी बहीण योजनेच्या वेळी तिने पोस्टात खातं उघडलेलं असेल तर विद्यावेतन तिकडे जातं. दोन महिने ती ‘पैसे आले नाहीत’ म्हणत राहते आणि पोर्टल मात्र ‘जमा’ दाखवतं.

तपासणीला पाच मिनिटं लागतात. रुजू होण्याच्या दिवशीच, आधारला जोडलेला मोबाइल उमेदवाराच्या हातात असताना, ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची, म्हणजे आधारसमोर कोणती बँक नोंदली आहे त्याची, स्थिती बघा. बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ हा शेरा, दोन्ही वाचा. नाव दुसऱ्याच बँकेचं असेल, तर त्याच खात्यावर पैसे घ्यायला काही हरकत नाही, फक्त ते खातं चालू आहे का ते पाहा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय करते. कागदपत्रांशिवाय उघडलेलं ‘लहान खातं’ असेल, तर वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. नोकरी लागण्याआधीच त्याची पूर्ण केवायसी करून घ्या.

प्रशिक्षणार्थी आणि कर्मचारी यांची सरमिसळ

युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्य शासन बारावीला ६०००, आयटीआय किंवा पदविकेला ८००० आणि पदवीधराला १०,००० रुपये देतं. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढली. ही नोकरी नाही, हे रुजू होतानाच सांगितलं गेलं नाही, म्हणून मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ची आंदोलनं झाली. मुलांची अपेक्षा चुकीची होती, असं आम्हाला वाटत नाही. माणूस रोज कार्यालयात बसून तिथलंच काम करत असेल, तर त्याला दुसरं काय वाटणार? पहिल्या दिवशी मुदत, विद्यावेतन आणि नंतर किती जागा खरोखर निघणार, हे लेखी द्या. शून्य जागा असतील, तर शून्य लिहा.

साखळी मधेच तोडणे

शिकाऊ उमेदवार पीएफच्या व्याख्येत कर्मचारी नसतो. म्हणून त्याला ‘वाढीव भरती’ दाखवून केंद्राचं नव्या भरतीचं प्रोत्साहन मागितलं, तर दावा टिकत नाही. पण याच नियमाचा फायदाही आहे: उमेदवारी संपवून तो कायम झाला आणि आधी कुठेच पीएफ सदस्य नसेल, तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत तो ‘पहिल्यांदा नोकरी’ गटात बसतो. त्याला एका महिन्याच्या वेतनाइतके, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळतात: सहा महिन्यांनी पहिला, बारा महिन्यांनी आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर दुसरा. मालकाला प्रत्येक वाढीव कर्मचाऱ्यामागे वेतनानुसार महिन्याला कमाल ३००० रुपये, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला चार वर्षं.

अडतं ते तीन ठिकाणी. एक, ५० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर किमान २ आणि ५० किंवा जास्त असतील तर किमान ५ जण बेसलाइनच्या, म्हणजे योजनेसाठी धरलेल्या मूळ कर्मचारीसंख्येच्या, वर हवेत, तेही सहा महिने टिकून. एक वाढवून थांबणाऱ्याला काहीच मिळत नाही. दोन, यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. उमेदवाराऐवजी कुणी दुसऱ्याने फोन हाताळून काम होत नाही. तीन, आधीच्या ठेकेदाराने दोन महिने पीएफ भरलेला असतो आणि मुलाला ते माहीतच नसतं. मग तो पहिल्यांदाचा ठरत नाही, मालकाचा दावा मात्र तरीही चालू शकतो. नवीन यूएएन काढण्याआधी जुना शोधा. योजना ३१ जुलै २०२७ पर्यंतच्या भरतीला लागू आहे, तेव्हा आज वर्षभराची उमेदवारी सुरू करताना ती या तारखेआधी संपते का, हे आधी कॅलेंडरवर बघा.

पहिला महिना विसरणे

नंदुरबारहून वाळूजला आलेल्या मुलाला कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं) राहायला अनामत लागते, खानावळ आगाऊ पैसे मागते आणि विद्यावेतन महिना संपल्यावर येतं. तो पंधराव्या दिवशी गेला की ‘ग्रामीण मुलांना काम नको’ असा शेरा पडतो. कंपनीच्या हिश्श्यातले दोन हजार पहिल्याच आठवड्यात उचल म्हणून द्या आणि पुढच्या दोन महिन्यांत वळते करा.

संस्थांसाठी: शेवटचा हप्ता

कौशल्य प्रशिक्षणाच्या खर्चासाठी केंद्राने ठरवलेल्या २०१५ च्या सामाईक खर्च निकषांमध्ये प्रशिक्षण संस्थेचा शेवटचा २० टक्के हप्ता नोकरीशी बांधला होता: तीन महिन्यांत किमान ७० टक्के उमेदवार कामाला लागलेले हवेत. गडचिरोलीतली संस्था अशा अटीमुळे बुडते आणि पिंपरीतली तरते, म्हणून संस्था पिंपरीलाच जातात. दुर्गम तालुक्यात बॅच घ्यायची असेल, तर भरती करणाऱ्या दोन-तीन आस्थापनांचं लेखी मागणीपत्र बॅच सुरू करण्याआधी घ्या आणि त्यात पद, जागा, वेतन व राहण्याची सोय यांचा उल्लेख असू द्या. नियुक्तिपत्र आणि पहिल्या महिन्याची वेतनपावती उमेदवाराच्या मोबाइलवरून त्याच आठवड्यात मागवा, कारण तीन महिन्यांनी त्याचा नंबर बदललेला असतो.