वडिलांच्या पश्चात प्रोस्टेट कॅन्सरविषयी बोलताना

वडील प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या, कॅन्सरने गेल्यानंतर इतरांना सावध करावेसे वाटत असेल, तर सुरुवात घरातूनच करावी. कारण वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असल्यास पुरुषाचा धोका साधारण दुपटीने वाढतो. भावांना आणि काकांना निदानाच्या वेळचे वडिलांचे वय नेमके सांगावे, म्हणजे तेही ते डॉक्टरांना सांगू शकतील.

सभेत आकडेवारीपेक्षा प्रसंग अधिक पोहोचतो. माझे वडील रात्रीतून चार-पाच वेळा उठत आणि "वय झालं" एवढेच म्हणत. हे सांगताच समोरचे दोघे-तिघे मान खाली घालतात. तरीही लक्षणांवरच भर देऊ नये, कारण सुरुवातीला बहुधा कोणतेच लक्षण नसते, आणि वारंवार लघवीला होण्यामागे प्रोस्टेटची साधी वाढही असू शकते.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजणारी तपासणी, सरसकट सर्वांनी करावी, असे मात्र सांगू नये. संसर्गानेही पीएसए वाढते, शिवाय संथ वाढणाऱ्या गाठीवर नाहक उपचार होण्याची शक्यता असते. पन्नाशीत, आणि घरात हा आजार असल्यास ४०-४५व्या वर्षीच, तपासणीचे फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलावेत, एवढाच आग्रह धरावा. सप्टेंबर हा जनजागृतीचा महिना असला, तरी ज्या वर्षी बोलताना गळा दाटून येईल, त्या वर्षी नुसती पत्रके वाटावीत.