पडलो, तर कसा थांबेन? कातळावर आणि झाडावर चढण्याचं साहित्य कसं निवडावं, कसं वापरावं

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत दोन खुंट्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर माझा सह्याद्रीत चढाईला न्यायचा निळा दोर, दुसरीवर माडावर चढायचा काथ्याचा फास. मागच्या आंब्यांच्या वेळी काका म्हणाले, "तुझा तो निळा दोर दे रे, रायवळावर चढायला बरा पडेल." मी नाही म्हटलं. काकांना वाटलं, महागाचा दोर म्हणून पोरगा हात आखडतोय. पण तो दोर त्या कामाचाच नव्हता. का नव्हता, हे त्यांना समजावताना जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

साहित्य घेण्याआधी स्वतःला एकच विचारा: मी पडलो, तर कसा थांबेन? कातळावर पुढे चढणारा माणूस पडू शकतो हे धरूनच सगळी व्यवस्था केलेली असते. शेवटच्या आधारापासून तो २ मीटर वर गेला असेल, तर तो किमान ४ मीटर खाली येणार आणि मग दोर ताणला जाणार. झाडावर असं पडणं गृहीतच धरायचं नाही. तिथे दोर सतत वरून ताणलेला आणि माणूस त्यात बसलेला हवा. या एका फरकावर दोराची निवड ठरते, आणि दोरावर बाकी सगळं.

आधी दोर

कातळावर लीड करताना, म्हणजे सगळ्यांत पुढे चढताना, डायनॅमिक दोरच लागतो. प्रमाणित चाचणीतल्या पहिल्या पडण्यात हा दोर ४० टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी चालतो. ताणला जातो म्हणूनच झटका कंबर आणि वरचा अँकर (दोर अडकवलेला आधार) दोन्ही मोडत नाही. एका दोरावर चढायचं तर साधारण ९.५ ते १०.५ मिलिमीटर जाडीचा आणि ६० मीटर लांबीचा घ्या. टोकाच्या पट्टीवर वर्तुळात १ हा आकडा आणि ईएन ८९२ हे युरोपीय प्रमाण छापलेलं असतं. वर्तुळात ½ असेल तर तो दोर जोडीनेच वापरायचा असतो, एकटा नाही.

झाडासाठी, रॅपलिंगसाठी (दोरावरून खाली उतरायला) आणि सामान ओढायला सेमी-स्टॅटिक दोर, प्रमाण ईएन १८९१. तो ५ टक्क्यांहून कमी ताणला जातो. झाडावर ११ ते १३ मिलिमीटरचा घ्या, हाताला पकड चांगली येते. माझा निळा दोर काकांनी रायवळावर नेला असता तर दर हातागणिक ते वर-खाली झुलले असते, सालीवर दोर घासला असता आणि आंब्याचा चीक विणीत जाऊन बसला असता. उलट चूक याहून वाईट. सेमी-स्टॅटिक दोरावर लीड करताना ४ मीटर पडलात, तर दोर फारसा ताणला जात नाही आणि सगळा झटका पाठीच्या कण्यावर येतो.

हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर कितीही जाड दिसला तरी माणसाचा जीव टांगायला वापरू नका. सेकंड हँड दोरही घेऊ नका. तो कशावर घासलाय, कुठल्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडशेजारी पडून होता, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि ॲसिडने खाल्लेला दोर बाहेरून धडधाकट दिसू शकतो.

हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर

हार्नेस दुकानातच घालून लटकून बघा. कमरेचा पट्टा नाभीच्या वर, कमरेच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे, म्हणजे उलटं झालं तरी माणूस निसटत नाही. कातळाचा हार्नेस हलका असतो. झाडावर तासन्‌तास बसून काम करायचं तर रुंद पाठ आणि दोन्ही कुशींना कड्या असलेला हार्नेस लागतो. कातळाच्या हार्नेसमध्ये तासभर फांदी छाटत बसलात तर मांड्या बधिर होतात.

हेल्मेटवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सर्रास चूक होते. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घालून लोक कड्यावर येतात. त्याचं प्रमाण ईएन ३९७, आणि त्याचा हनुवटीचा पट्टा मुद्दाम २५० न्यूटनच्या आत सुटावा असा केलेला असतो, म्हणजे कुठे अडकलं तर कामगाराचा गळा आवळला जाऊ नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं प्रमाण ईएन १२४९२, त्याचा पट्टा ५०० न्यूटनपर्यंत सुटत नाही. पडताना कातळावर डोकं दुसऱ्यांदा आपटेल तेव्हाही ते डोक्यावरच असलं पाहिजे. आपल्या सह्याद्रीत वरून दगड येतात ते बऱ्याचदा आधीच्या चढणाऱ्याच्या पायाखालून, नाहीतर माकडांच्या पळापळीतून. म्हणून खाली उभ्या असलेल्या बिले देणाऱ्यानेही, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्यानेही, हेल्मेट काढायचं नाही.

कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची, गेट उघडून लावायची धातूची कडी. तिच्या दांड्यावर तीन आकडे कोरलेले असतात. उभ्या ताणात किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २,००० किलोचा भार. आडवा ताण आला किंवा गेट उघडं राहिलं, तर हाच आकडा साधारण ७ वर येतो. एकच कॅराबिनर, पण फिरला की ताकद एक तृतीयांश. म्हणून बिले देताना तो आडवा झाला नाही ना, हे मधूनमधून बोटाने चाचपायचं. मुख्य जोडणीला स्क्रूगेटच (स्क्रू फिरवून गेट बंद होणारा कॅराबिनर) वापरा, आणि स्क्रू खालच्या दिशेने बंद होईल असा लावा; हादऱ्यांनी फिरला तर घट्टच होईल.

स्लिंग म्हणजे आधाराला गुंडाळायच्या पट्टीचे गोल फास; त्या नायलॉनच्या असतात किंवा डायनिमाच्या. डायनिमा बारीक, हलकी आणि मजबूत, पण साधारण १४५ अंशांना वितळते. नायलॉन २२० च्या आसपास. दोरावर घासून घर्षणाने पकडणारी गाठ डायनिमाच्या स्लिंगने मारू नका. त्यासाठी ६ मिलिमीटरची नायलॉनची दोरी डबल फिशरमन गाठीने गोल बांधून जवळ ठेवा. प्रुसिक गाठ, जी कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडली, ती याच दोरीने बांधायची.

सह्याद्रीच्या कातळात आधार कसा बघावा

परदेशातल्या ग्रॅनाइटवरचे व्हिडिओ बघून लोक आधी फ्रेंड्सचा अख्खा संच घेतात. स्प्रिंगवर उघडणारे हे कॅम १९७८ मध्ये बाजारात आले आणि सरळ, समांतर भेगांत ते खरोखर कमाल करतात. पण आपला दगड बेसॉल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, मध्ये लाल मातकट पट्टा, भेगा उथळ, बाहेर फाकलेल्या आणि मातीने भरलेल्या. शिवाय कॅम भेगेच्या दोन्ही भिंतींवर लोंबत्या वजनापेक्षा जास्त जोराने ढकलतो. भेगेची एक बाजू सुटी कपची असेल तर तुमचाच आधार तिला उचकटून काढतो.

म्हणून सुरुवातीला मधल्या मापांचे चोक म्हणजे नट्स (भेगेत अडकवायचे धातूचे ठोकळे), दोन-तीन कॅम, आणि लांब स्लिंग भरपूर. अडकून बसलेला धोंडा, दगडातलं आरपार भोक, कड्यात रुजलेल्या झाडाचं जिवंत खोड, यांना स्लिंग गुंडाळून आपल्याकडे फार चांगले आधार मिळतात. काही अडकवण्याआधी कातळावर बोटांच्या पेरांनी किंवा हातोड्याने ठोका. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. डब्यावर ठोकल्यासारखा आला तर मागे पोकळी आहे, तिथून पुढे सरका. लाल थरात काहीही ठोकू नका, नखानेही उकरतो तो.

पेग, म्हणजे भेगेत ठोकायचा लोखंडी खिळा, ठोकताना कान उघडे ठेवा. चांगला बसणारा पेग दर घावाला वरच्या सुरात जातो, टण, टण, टण, आणि शेवटी सतारीच्या तारेसारखा वाजतो. आवाज मध्येच बद्द झाला तर टोक पोकळीत गेलंय किंवा दगड फुटलाय. हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही.

वानरलिंगी, तेलबैला, नागफणी अशा नेहमीच्या चढाईच्या जागी आधीच्यांनी ठोकलेले पेग आणि बोल्ट दिसतील. पावसाळ्यामागून पावसाळे खाल्लेलं लोखंड आहे ते, हे लक्षात घ्या. आजूबाजूचा दगड तडकलाय का बघा, हलवून बघा, आणि एकाच जुन्या बोल्टवर दोघांचा जीव कधीही टाकू नका. अँकर किमान दोन स्वतंत्र आधारांचा. त्यांना जोडणाऱ्या स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांना प्रत्येक आधारावर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन आधार घेऊन फायदा शून्य.

कड्याखाली उभं राहून वर नीट बघा. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती वाट सोडा. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

झाडाकडे वळताना

माडाची गोष्ट वेगळी, फांद्या असलेल्या झाडाची वेगळी.

माडावर पाडेली पायात फास अडकवून नाहीतर खोडाला पाडलेल्या खाचांवरून चढतात. त्यांचं कसब मी लहानपणापासून बघत आलोय आणि त्याबद्दल मनात फार आदर आहे. पण खाचांच्या जखमांतून सोंड्या भुंग्याला आत शिरायला वाट मिळते, आणि शेवाळलेल्या खोडावर पाय सटकला तर मध्ये थांबवणारं काहीच नसतं. बाणवली जातीचा जुना माड १५-२० मीटर सहज जातो. केरळमधून आलेलं चेंबेरी पद्धतीचं यंत्र आता आपल्याकडेही दिसतं. दोन्ही पायांना एकेक पायंडा, प्रत्येकाची तारेची कडी खोडाभोवती. एका पायावर वजन टाकायचं, दुसरा सैल करून वर सरकवायचा. नारळ विकास मंडळ २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या कार्यक्रमातून असं चढायला शिकवत आलं आहे. त्यात नाव घालता आलं तर जरूर घाला.

यंत्र घेताना तारेची कडी बघा: एक जरी धागा सुटून वर आला असेल तर तार बदला. कडी खोडाच्या जाडीप्रमाणे जमिनीवरच जुळवा, आणि पहिले दहा वेळा माणसाच्या उंचीइतकंच चढून उतरा. नुसत्या यंत्रावर समाधान मानू नका. हार्नेस आणि खोडाभोवती फिरवलेला दुसरा पट्टा हवाच, कारण यंत्र पाय धरतं, माणूस मागे कोसळला तर त्याला धरत नाही. शेंड्याशी पोचल्यावर पिवळ्या पडलेल्या झापाला हात घालू नका; तो हातात येतो. भिजलेल्या खोडावर चढायचं नाही, आणि जवळून विजेची तार जात असेल तर तो माड महावितरणला कळवून वीज बंद केल्याशिवाय उतरवायचा नाही.

फांद्यांच्या झाडाला वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी वर फेकायची, आणि तिच्यामागून मुख्य दोर ओढून घ्यायचा. खोडाला लागून असलेला, मांडीइतका जाड, जिवंत बेचका निवडा. मग जमिनीवर उभं राहून दोघांनी दोराला लटकून बघा. शेवगा, पांगारा, जांभूळ यांच्या फांद्या कटकन मोडतात. वरून हिरव्यागार दिसल्या तरी भुलू नका. दोर थेट सालीवर फिरू देऊ नका. बेचक्यात जाड चामड्याची किंवा कॅनव्हासची नळी घाला, दोरही वाचतो आणि झाडही. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडाला. जिवंत झाडाला ते भोकं पाडतात.

कोयता किंवा करवत हातात असेल तेव्हा एक नियम मोडू नका. मुख्य दोराशिवाय दुसरी जोडणी पाहिजे, आणि ती आत पोलादी तार असलेल्या पट्ट्याची. ताणलेला दोर कोयत्याच्या एका हलक्या फटक्याने तुटतो. वर चढण्याआधी तांबड्या मुंग्यांची आणि गांधीलमाश्यांची घरटी शोधा. चावा बसला की हात आपोआप सुटतो.

पाय उचलण्याआधी

तेलबैलाच्या भिंतीखाली एकदा आमच्यातला एक अनुभवी गडी लीडला तयार झाला. गप्पा चालू होत्या. मी त्याचा पट्टा ओढून पाहिला आणि तो माझ्या हातात सरकला. जुन्या पद्धतीच्या बकलातून त्याने पट्टा परत मागे ओवलाच नव्हता. वीस वर्षं चढणारा माणूस! दोघेही मिनिटभर काही बोललो नाही. तेव्हापासून मी गप्पा थांबवूनच तपासतो, आणि डोळ्यांनी नाही, हातांनी. बकल ओढून बघायचं. आठाची गाठ दोन्ही बाजूंनी समांतर आहे ना, शेपटी वीतभर उरली ना, हे बोट फिरवून. कॅराबिनरचं गेट दाबून, उघडत नाही ना. बिले डिव्हाइसमध्ये दोर योग्य दिशेने गेलाय ना, हे एक हिसका देऊन. मी त्याचं तपासतो, तो माझं. रॅपलिंग असेल तर दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारली का, हेही.

हे सगळं वाचून येत नाही. आधी चढाईच्या कृत्रिम भिंतीवर, मग एखाद्या जाणत्या संस्थेबरोबर छोट्या कड्यावर शिका. मनात असेल तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट इथला बेसिक कोर्स करा.

घरी आल्यावर

दोर कोमट पाण्यात धुवा, कपड्यांची पावडर घालू नका, आणि सावलीत वाळवा. कोकणातल्या पावसात ओला हार्नेस कपाटात गेला की आठवड्यात बुरशी धरतो. त्याला वारा लागेल असाच टांगा. मोहिमेनंतर दर वेळी अख्खा दोर हातभर हातभर करून बोटांतून सरकवा आणि चिमटीत वळवून गोल करा. निरोगी दोराचा गोल फुगीर राहतो. एखाद्या जागी तो चपटा होऊन मुडपला, किंवा आतला गर मऊ लागला, तर तो भाग गेला. मोठी पड झेललेला, कातळाच्या धारेवर साल फाटलेला दोर तिथेच थांबवा. आणि वापरलेला नसला तरी बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं झाली की दोर, स्लिंग, हार्नेस सगळं रजेवर.

रजेवर गेलेला दोर अख्खा ठेवू नका, कोणीतरी उचलून कड्यावर नेतो. दोन-दोन मीटरचे तुकडे करा. निळ्या दोराच्या आधीच्या दोराचे तुकडे काकांनी मागून नेले. गोठ्यात दोन म्हशी आणि एक पारडू त्यांनाच बांधलेली आहेत.