काळे वाटाणे शिजतच नव्हते, माझा अनुभव

लक्षण: रात्रभर भिजवूनही काळे वाटाणे आठ-दहा शिट्ट्यांनंतर आतून कचकचीत, साल सुटते, गर मऊ होत नाही. वाटप (उसळीत घालायचं वाटण) तयार असताना हे झालं की जीव रडकुंडीला येतो.

शिट्ट्या वाढवून, गरम पाण्यात भिजवून उपयोग झाला नाही. कोकणच्या दमट उष्म्यात पावसाळा काढलेलं कडधान्य कठीण होतं, आणि सोलं (आमसुलं) आधी घातली तर आंबटपणामुळे ते आणखी अडतं.

जमलं ते असं. एक वाटी वाटाण्यांना एक लिटर पाणी, त्यात एक मोठा चमचा मीठ. बारा तास भिजवायचे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून साल सैल पडते. पाणी ओतून वाटाणे धुवायचे, न फुगलेले गणंग वेचून टाकायचे. ते कधीच शिजत नाहीत. ताजं पाणी दोन बोटं वर, चिमूटभरच खायचा सोडा (जास्त झाला तर साबणासारखी चव येते, बी-१ जीवनसत्त्वही जातं). मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यायची.

दाणा बोटांत सहज चिरडला की मगच वाटप, उकळी, आणि शेवटी सोलं.