टोकियोत मराठी स्वयंपाकघराचा कचरा कसा टाकायचा

घराची किल्ली मिळाली की वॉर्डाचं कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. २३ वॉर्डांचे नियम एकमेकांशी जुळतीलच असं नाही, त्यामुळे निशि-कासाईतल्या (एदोगावा वॉर्डातली भारतीयांची वस्ती) ओळखीच्यांना विचारून दुसऱ्या वॉर्डात कचरा टाकू नका. साधारणपणे मोयासु गोमी, म्हणजे जाळायचा कचरा, आठवड्यातून दोनदा नेतात. शिगेन (बाटल्या, डबे, कागद) एकदा, आणि न जाळायचा मोयासानाई गोमी महिन्यातून दोनदा. पिशवी आतलं दिसेल अशी पारदर्शक हवी. ती त्याच दिवशी सकाळी, बहुतेक ठिकाणी ८ च्या आत, जाळीखाली ठेवायची. आदल्या रात्री ठेवली तर पहाटे कावळे सगळा रस्ताभर पसरतात आणि शेजारी बोलतात ते वेगळंच.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो तेलाचा. चकल्या-करंज्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. गॅस बंद केल्याबरोबर, तेल गरम असतानाच, दुकानात मिळणारी तेल घट्ट करायची पावडर घाला. प्रमाण पाकिटावर असतं, सहसा ६०० मिलीला एक पुडी. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि थंड होऊ द्या. तासाभरात वडीसारखं घट्ट होतं, ते उचटून जाळायच्या कचऱ्यात टाका. तेल निवल्यावर पावडर घातली तर ती विरघळतच नाही, तळाशी बसते. पावडर नसेल तर दुधाच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, गार झालेलं तेल त्यात जिरवा, वरून थोडं पाणी घाला आणि तोंड टेपने बंद करा. पाणी विसरायचं नाही: तेल प्यालेला कागद उन्हाळ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

भाजीची देठं, चहाचा चोथा, आंब्याच्या साली पिळून, निथळून टाका.

पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढा, विसळा, चेपा. मात्र बाटलीवरची खूण बघा. खाद्यतेलाच्या बाटलीवर बहुधा ‘पेट’ नसून ‘पुरा’ (प्लास्टिक) असतं, आणि ती पेटमध्ये चालत नाही. फुटलेला कप जाड कागदात गुंडाळून वर ‘किकेन’ (धोका) लिहा, नाहीतर उचलणाऱ्याचा हात कापतो. पॉवर बँक आणि गॅसचे छोटे डबे कधीही इतर पिशवीत घालू नका. गाडीत दाबले गेले की आग लागते. ते कुठे द्यायचे हे वेळापत्रकात असतं.

चूक झाली तर पिशवीवर स्टिकर चिकटवून ती तिथेच सोडतात. घरी आणा, नीट वेगळं करा, पुढच्या योग्य वारी ठेवा.

साधारण ३० सेंमीपेक्षा मोठी वस्तू म्हणजे सोदाई गोमी. आधी फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी, मग कोन्बिनीतून (छोट्या किराणा दुकानातून) सांगितलेली स्टिकरं घ्यायची: ‘ए’ २०० येनचं, ‘बी’ ३०० चं. त्यावर नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहून दिसेल असं चिकटवा. टीव्ही, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन यात घेत नाहीत. ती दुकानामार्फत रिसायकलिंगचे पैसे भरून द्यावी लागतात. मार्च-एप्रिलमध्ये निम्मं शहर घर बदलत असतं, तेव्हा सोदाईची तारीख लवकर मिळत नाही. गादी टाकायची असेल तर घर सोडायच्या महिनाभर आधीच नोंदवा.