सारंगखेड्याला निघण्याआधी एनकोडरला शिकवायचे आकडे

दत्तजयंतीच्या यात्रेत मैदानात घोडे धावणार, बाजूच्या एलईडी वॉलवर ते दिसणार, आणि वॉलवरचंच चित्र एनकोडरमधून, म्हणजे व्हिडिओ नेटवर पाठवण्याजोगा करणाऱ्या डब्यातून, नेटवर जाणार. ऐकायला सोपं आहे. घोळ होतो तो वॉलच्या मापात, म्हणून पहिला फोन वॉलवाल्या भाऊला. तो 'पंधरा बाय आठ' म्हणेल, पण ते फूट झाले. आपल्याला कॅबिनेट, म्हणजे वॉल ज्या चौकोनी तुकड्यांची जोडलेली असते ते, किती आणि एका कॅबिनेटमध्ये पिक्सेल किती, हे हवं. अर्ध्या मीटरचं ३.९१ पिचचं (दोन पिक्सेलांत ३.९१ मिलिमीटर अंतर) कॅबिनेट १२८ बाय १२८ पिक्सेलचं असतं. आडवी नऊ, उभी पाच, म्हणजे ११५२ बाय ६४०. एनकोडरच्या तयार यादीत हे माप सापडायचं नाही.

लगेच कस्टमच्या, म्हणजे माप हाताने भरण्याच्या, मागे मात्र लागू नका. बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप १९२० बाय १०८० च देत असतो आणि वॉलचा प्रोसेसर वरच्या डाव्या कोपऱ्यातला तुकडा तेवढा उचलतो. तसं असेल तर एनकोडर लॅपटॉपच्या बाजूला लावा, पुढे क्रॉप करा, विषय संपला. निम्म्या कार्यक्रमांत माझं काम एवढ्यावरच भागतं.

लॅपटॉपमधून खरोखर ११५२ बाय ६४० च निघत असेल, तर घरी बसून टायमिंगचा कागद करा. नुसती रुंदी-उंची भरली की चित्र एका बाजूला सरकतं, नाहीतर पडदा काळा. दिसणाऱ्या पिक्सेलांच्या आजूबाजूला न दिसणारी मोकळी जागा असते, ब्लँकिंग, आणि एनकोडरला एकूण माप लागतं. व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिड्यूस्ड (कमी केलेल्या) ब्लँकिंगमध्ये आडवी मोकळी जागा ठरलेली १६०: फ्रंट पोर्च (चित्रानंतरची जागा) ४८, सिंक (नव्या ओळीची खूण) ३२, बॅक पोर्च (खुणेनंतरची जागा) ८०. म्हणजे एकूण १३१२. उभ्या बाजूला या मापाला १९ ओळी येतात: त्याच क्रमाने ३, १० आणि ६. एकूण ६५९. आता १३१२ गुणिले ६५९ गुणिले ६० (सेकंदाला ६० चित्रं) केलं की ५१.८८ मेगाहर्ट्झ, हा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल जाण्याचा वेग, पाव मेगाहर्ट्झच्या पटीत खाली आणायचा, म्हणून ५१.७५. त्यामुळे प्रत्यक्ष दर ६० नसून ५९.८५ पडतो, दचकू नका. सिंकची पोलॅरिटी आडवी पॉझिटिव्ह, उभी निगेटिव्ह. एचडीएमआयमध्ये बरेच एनकोडर ही मोजमापं स्वतः ओळखतात. जुन्या व्हीजीए इनपुटला मात्र एकेक आकडा हाताने द्यावा लागतो.

हेच आकडे ईडीआयडीतही हवेत. लॅपटॉप एनकोडरला आधी विचारतो, 'तुला काय चालतं?' त्याचं उत्तर म्हणजे ती १२८ बाइटची पाटी. पाटीत आपलं माप पहिलं नसेल, तर लॅपटॉप स्वतःच्या मर्जीचं काहीतरी पाठवतो आणि आपण मैदानात केबल हलवत बसतो. मागून कोणीतरी 'पडदा कायाच शे ना भो!' म्हणून ओरडतोच. ईडीआयडीची फाइल एनकोडरच्या वेबपेजवरून चढवा आणि केबल काढून परत लावा. त्याशिवाय लॅपटॉप नवी पाटी वाचत नाही. विंडोजमधलं १२५ टक्के स्केलिंग हा वेगळा प्रकार आहे. त्याने बाहेर जाणारं रिझोल्यूशन बदलत नाही.

लांब अंतरासाठी एसडीआय (टीव्हीवाल्यांचा लांब केबलचा सिग्नल) कन्व्हर्टर घेणार असाल तर थांबा. एसडीआयला ठरलेलेच फॉरमॅट चालतात, हे माप तिथून जाणार नाही. मध्ये माप बदलणारा स्केलर लागेल. नेटवर पाठवताना आउटपुट १२८० बाय ७२० ठेवा, वर-खाली मिळून जेमतेम नऊ ओळी काळ्या राहतात. कीफ्रेम, म्हणजे पूर्ण पाठवलेलं चित्र, दोन सेकंदांनी. मैदानातला कॅमेरा सेकंदाला ५० चित्रांवर असेल तर सगळं ५० वरच करा, नाहीतर धावता घोडा अडखळत पळतो. पण मग वरचा हिशेब ५० धरून पुन्हा करावा लागेल, तोही घरीच.

एनकोडरचा आयपी पत्ता स्टिकरवरून उतरवून घ्या आणि लॅपटॉपला त्याच रांगेतला पत्ता देऊन पेज उघडतं का ते बघा. दोन केबल जास्तीच्या, तापीकाठच्या धुळीसाठी एक जुनं कापड, यूपीएस.

आदल्या रात्री तोच लॅपटॉप, तीच केबल लावून तासभर चालवा आणि मग एनकोडरचा प्लग सरळ उपटा. कस्टम मोड परत आला नाही, तर 'सेव्ह' राहिलंय. यात्रेत जनरेटर बदलताना हेच होणार आहे. कॉन्फिगरेशनची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून मार्करने लिहा: ११५२ × ६४०, १३१२ × ६५९, ५१.७५.